घरचा गल्ला आणि बाहेरचा गल्ला

अमेरिकी चित्रपटांच्या कमाईचे आकडे आता मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतूनही नेमाने छापून येतात. त्या आकड्यांचे दोन रकाने असतात; पहिला 'डोमेस्टिक', दुसरा 'इंटरनॅशनल'. 'डोमेस्टिक' हा शब्द आपल्या घरांत स्वयंपाकाच्या गॅसमुळे परिचयाचा झाला. चित्रपटाच्या व्यापारात मात्र त्याचा अर्थ अमेरिका आणि कॅनडा असा आहे. म्हणजे टोरांटोचा प्रेक्षक घरचा, आणि लंडन, टोकियो, मुंबई, भोपाळ येथील सगळा बाहेरचा. कॅनडा हा स्वतंत्र देश आहे, ही गोष्ट हॉलिवुडच्या हिशेबवहीत कधी शिरलीच नाही.

सुपरहिरोंच्या चित्रपटांचे जे पुढचे भाग निघतात, त्यांचे यशापयश ह्या दोन रकान्यांतून वाचावे आणि त्या वाचनातून चित्रपटांच्या गुणदोषांकडे वळावे, असा प्रस्तुत लेखाचा बेत आहे. साहित्य मंडळाच्या त्रैमासिकात तिकीटबारीची चर्चा कशासाठी, असे काही ज्येष्ठ वाचक विचारतील. ज्या कथा आपली नातवंडे सर्वांत आवडीने पाहतात त्या कोणाला उद्देशून रचल्या जातात, हा आमच्या मते वाङ्मयीन प्रश्न आहे. आणि त्याचे निम्मे उत्तर त्या हिशेबवहीत लिहिलेले असते.

आधी 'घर' ह्या शब्दाचाच विचार करू, कारण भोपाळच्या मराठी माणसाला तो शब्द सहज उच्चारता येत नाही. भारतातील चित्रपट-वितरणाचा नकाशा आजही ब्रिटिश अमदानीतील मुलखांप्रमाणे आखलेला आहे. राज्यांची पुनर्रचना १९५६ साली झाली, महाराष्ट्र १९६० साली झाला. वितरकांनी मात्र आपल्या सीमा हलवल्या नाहीत. मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात हे एक सर्किट. मराठवाडा हैदराबादसह 'निझाम'मध्ये. नागपूर आणि अमरावती ही जबलपूर-रायपूरच्या जोडीने 'सी.पी.-बेरार'मध्ये. इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ ही 'सी.आय.' म्हणजे सेंट्रल इंडियामध्ये. सी.पी.-बेरार, सी.आय. आणि राजस्थान ह्या मुलखांतील वितरक-प्रदर्शकांची जी संघटना आहे, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचे मुख्यालय भुसावळला. भोपाळात कोणता चित्रपट लागतो ह्याच्याशी भुसावळचा असा जुना संबंध आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

ह्याचा अर्थ असा की, मराठी चित्रपटाचे घरच मुळात तीन सर्किटांत वाटलेले आहे. आणि आपण? १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूरचे राजधानीपण गेले आणि सचिवालयाच्या कागदपत्रांबरोबर जी मराठी कुटुंबे भोपाळला आली, त्यांनी चित्रपटाच्या नकाशावर सी.पी.-बेरार सोडून सी.आय.मध्ये प्रवेश केला. त्यांच्या आधी शिंदे-होळकर-पवारांच्या संस्थानांतून आलेली घराणी सी.आय.मध्येच होती. नेहरू नगर, कोटरा सुलतानाबाद ह्या बाजूला पुढे ज्यांनी घरे बांधली त्यांत ह्या दोन्ही प्रवाहांतील मंडळी आहेत. मराठी चित्रपटाच्या हिशेबात न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाचे तिकीट 'परदेश' ह्या रकान्यात तरी दिसते. आपले तिकीट 'उर्वरित भारत' ह्या शब्दांत विरून जाते. 'उर्वरित' म्हणजे उरलेले. हा शब्द आम्हांस नेहमीच थोडा लागतो.

आता सुपरहिरोंकडे येऊ. जुना नियम सोपा होता: पुढचा भाग मागच्यापेक्षा कमी कमावतो. १९७८ च्या 'सुपरमॅन'ने अमेरिकेत १३ कोटी ४० लाख डॉलर मिळवले, दुसऱ्या भागाने सुमारे १० कोटी ८० लाख, १९८३ च्या तिसऱ्याने ६ कोटी आणि १९८७ च्या चौथ्याने दीड कोटीच्या थोडे वर. जिन्याच्या पायऱ्या उतरत जावे तसे हे आकडे आहेत. निर्मातेही ते गृहीत धरत आणि प्रत्येक भागाला खर्च कमी करत. चौथ्या भागातले उडणारे सुपरमॅनचे दृश्य पाहताना दोरी दिसेल की काय अशी धास्ती वाटते, त्याचे कारण हेच. 'बॅटमॅन'ची पहिली मालिकाही १९८९ ते १९९७ ह्या काळात, मधल्या एका उसळीचा अपवाद वगळता, अशीच उतरली. मात्र तिच्या शेवटच्या भागात एक नवी गोष्ट घडली. 'बॅटमॅन अँड रॉबिन'ला अमेरिकेत १० कोटी ७० लाख डॉलर मिळाले आणि बाहेर सुमारे १३ कोटी. घरच्यांनी पान उलटे केले, पण बाहेरचे पंगतीला बसलेच होते. व्यापाऱ्यांनी हे टिपून ठेवले असणार.

त्याचे खरे फळ 'स्पायडरमॅन'च्या तीन भागांत दिसते आणि हे उदाहरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. २००२ चा पहिला भाग अमेरिकेत ४० कोटींहून अधिक डॉलर कमावतो, बाहेर जवळजवळ ४२ कोटी. २००४ चा दुसरा घरी ३७ कोटी, बाहेर ४१ कोटींच्या आसपास. २००७ चा तिसरा घरी अवघे ३३ कोटी ६५ लाख, आणि बाहेर ५५ कोटींच्या वर. घरचा आकडा दर खेपेस उतरतो, बाहेरचा शेवटी एकदम चढतो. पहिल्या भागात घरचा वाटा जवळजवळ निम्मा होता; तिसऱ्यात तो तिसऱ्या हिश्शाहून थोडाच अधिक राहिला. त्या तिसऱ्या भागाचा पहिला जाहीर खेळ न्यूयॉर्कला न होता टोकियोला झाला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आणि 'विक्रमी कमाई' हे शब्द वाचून कोणी हुरळून जाऊ नये म्हणून आणखी एक आकडा: पहिल्या भागाचा खर्च सुमारे १४ कोटी डॉलर होता, तिसऱ्याचा सुमारे २६ कोटी. जगभरची एकूण आवक ८२ कोटींवरून ८९ कोटींवर गेली, खर्च जवळजवळ दुप्पट झाला. शिवाय बाहेरच्या तिकिटातून निर्मात्याच्या हाती पडणारा वाटा घरच्यापेक्षा कमी असतो. चीनमध्ये तर २०१२ च्या करारानंतरही तो पंचवीस टक्क्यांवर थांबला. ज्याने घरसंसार चालवला आहे त्याला ह्या व्यवहाराची जात ओळखता येईल.

पण आम्हांस बोलायचे आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातील गुणभेदाबद्दल. दुसरा भाग हा, आमच्या मते, सुपरहिरोंच्या सगळ्या चित्रपटांत एक सच्चा चित्रपट आहे. त्यातील पीटर पार्कर घरोघर पिझ्झा पोहोचवतो आणि वेळ चुकल्यामुळे ती नोकरी गमावतो. घरमालक भाड्यासाठी दाराशी उभा असतो. विधवा काकूच्या घरावर कर्ज आहे आणि बँकेतला माणूस हसतमुखाने नकार देतो. मनावरच्या ओझ्याने त्याची शक्तीच जाते. अंगात बळ असून परिस्थितीपुढे चालत नाही, हे दुःख आपल्या मध्यमवर्गीय कादंबरीने शंभर वर्षे सांगितले आहे. येथे ते लाल-निळ्या पोशाखातल्या मुलाच्या वाट्याला येते. भरधाव गाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो तेव्हा डब्यातली माणसे त्याला हातोहात आत घेतात, मुखवट्याखालचा कोवळा चेहरा पाहतात आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द देतात. त्या दृश्यात महानायकाचे रक्षण सामान्य माणसे करतात. ती माणसे त्याच शहराची आहेत, त्यांच्या बोलण्याला त्या शहराचा खरखरीतपणा आहे. चित्रपट घरच्यांसाठी केलेला आहे, हे तेथे कळते.

तिसऱ्या भागात तीन-तीन खलनायक आहेत. वाळूचा माणूस उभा राहतो ते दृश्य सुंदर आहे, त्याला शब्द नाहीत आणि शब्दांची गरजही नाही. पण मग अंगाला चिकटणारा काळा पोशाख, मित्राचे वैर, विस्मृती, पुन्हा मैत्री, हे सारे एकामागून एक येत राहते आणि कशालाच बस्तान बसवायला वेळ मिळत नाही. घरमालक आहे, पण भाड्याची चिंता नाही. जे जपानमध्ये, ब्राझीलमध्ये, भारतात भाषांतराशिवाय पोहोचते ते वाढले: मारामारी, उड्या, कोसळणाऱ्या इमारती. जे भाषांतरात अडखळते ते आटले. बाहेरच्या गल्ल्यामुळेच असे झाले, असे सिद्ध करता येणार नाही. दिग्दर्शक तोच, नटही बव्हंशी तेच. परंतु तीन वर्षांच्या अंतराने हा बदल आणि तो आकडा एकाच वेळी दिसावेत, ह्याला केवळ योगायोग म्हणणे आम्हांस जड जाते.

पुढे हे उघडपणे होऊ लागले. 'आयर्न मॅन'च्या २०१३ मधील तिसऱ्या भागाची चीनसाठी निराळी प्रत निघाली. तीत चिनी डॉक्टरची काही जादा दृश्ये घातलेली होती, जी अन्य कोणत्याही देशाच्या प्रेक्षकाला दाखवली नाहीत. जावयासाठी वेगळी वाटी ठेवतात तसा हा प्रकार. 'द डार्क नाइट' (२००८) आणि त्याचा पुढचा भाग (२०१२) ह्यांतही घरचा आकडा ५३ कोटींवरून ४५ कोटींवर उतरला आणि बाहेरचा ४७ वरून ६३ कोटींच्या घरात गेला. गुणांच्या बाबतीत आमचे मत पहिल्याच्या बाजूने आहे. २०१९ चा 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' हा ह्या साऱ्याचा कळस. जगभरातील सुमारे २८० कोटी डॉलरांपैकी घरचे ८६ कोटी. म्हणजे दर दहा डॉलरांतील सात बाहेरून आले. २०२१ साली स्पायडरमॅनचा पुढचा भाग भारतात १६ डिसेंबरला लागला आणि अमेरिकेत १७ ला. पंगतीत बाहेरच्यांची पाने आधी वाढली गेली.

त्यानंतर ओहोटी लागली. 'कॅप्टन मार्व्हल'ने २०१९ साली जगभरात ११३ कोटी डॉलर मिळवले होते. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या पुढच्या कथेला २१ कोटीही मिळाले नाहीत. 'जोकर'च्या दुसऱ्या भागाची २०२४ मध्ये तीच गत झाली. ह्या दोन्ही उदाहरणांत घर आणि बाहेर असा भेद राहिला नाही. दोन्हीकडचे प्रेक्षक सारख्याच प्रमाणात उठून गेले. जगभरच्या माणसाला आवडेल असे काहीतरी करता करता कोणा एकाचे असे काही उरले नाही, आणि कंटाळाही मग जागतिक झाला. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने त्याच वर्षी १३३ कोटी जमवून दाखवले हे खरे; पण तो चित्रपट सुपरहिरोंच्या चित्रपटांची टर उडवणारा आहे. घराण्याची थट्टा करून घराणे किती दिवस चालते, हे पाहायचे.

आता भाषेकडे. २००७ च्या मे महिन्यात 'स्पायडरमॅन'चा तिसरा भाग भारतात इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी अशा भाषांत लागला. भोजपुरीत! मराठीत नाही. तेव्हा आपल्याकडे काहींनी नाक मुरडले, काहींनी गंमत म्हणून ती बातमी एकमेकांना सांगितली. पण व्यापाऱ्याने हिशेब बरोबर केला होता. मराठी माणूस हिंदीत चित्रपट पाहतो, त्याला हिंदी कळते, त्याच्यासाठी निराळा खर्च कशाला? आपले द्विभाषिकपण हा आपण गुण मानतो, आणि तो आहेच. व्यापाराच्या वहीत मात्र त्याच गुणामुळे आपली भाषा मोजलीच जात नाही. भोपाळच्या मराठी घरांना हे कोणी शिकवायला नको. ज्याला दोन भाषा येतात त्याच्याशी जग सोयीच्या भाषेत बोलते.

सोळा वर्षांनी चित्र पालटले. १ जून २०२३ रोजी 'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडरव्हर्स' हा सचित्र-पट भारतात दहा भाषांत लागला आणि त्यांत मराठी होती. निमित्त होते त्यातील पवित्र प्रभाकर ह्या भारतीय कोळी-नायकाचे. हा मुलगा तसा जुना आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग ह्यांनी २००४ साली त्याला चित्रमालिकेत जन्म दिला. रीत साधी होती: पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, बेनकाकांचे भीमकाका, मेकाकूची माया. नावे उच्चारांवरून बेतलेली. गाव, जात, कूळ, घराणे ह्यांचा पत्ता नाही. मुंबईत वाढणारा मुलगा आणि आडनाव प्रभाकर! आपल्याकडे प्रभाकर हे बहुधा काकांचे नाव असते. पार्करला मराठी रूप द्यायचे तर कोकणात 'पारकर' हे आडनाव शतकानुशतके तयार होते. एक रफार सोडला असता की काम झाले असते. मुंबईची गोष्ट मुंबईच्या माणसाला विचारून केली नाही म्हणजे असे होते.

चित्रपटात मात्र ह्या मुलाच्या वाट्याला आलेली पंधरा-वीस मिनिटे रसरशीत आहेत. मुंबई आणि मॅनहॅटन ह्यांच्या मिश्रणातून उभे केलेले 'मुंबॅटन' हे शहर रंगांनी ओसंडते. जुन्या भारतीय चित्रमालिकांच्या छपाईतले सांडलेले रंग मुद्दाम राखलेले आहेत. ह्या प्रकरणातला सर्वांत गाजलेला विनोद चहाविषयी आहे. अमेरिकी नायक 'चाय टी' म्हणतो, आणि पवित्र चिडून सांगतो की चाय म्हणजेच टी. परदेशातील भारतीय प्रेक्षकाने ह्याला दाद दिली असेल ह्यात शंका नाही, कारण हे शब्द त्याला रोज ऐकावे लागतात. पण येथे, जेथे कोणी 'चाय टी' म्हणतच नाही, तेथे ह्या विनोदाला झोंबायला जागा नाही. विनोद कोणाला लागतो ह्यावरून तो कोणासाठी केला ते कळते. पवित्र प्रभाकर हा भारताला उद्देशून रचलेला नायक नव्हे. तो बाहेर गेलेल्या भारतीयाच्या आठवणीतला भारत आहे. आणि हे म्हणताना आमच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नाही. गाव सोडून पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या मुलखात राहिलेल्या माणसाच्या मनातले घर असेच असते: रंग जरा अधिक गडद, वास अधिक खमंग. आपल्या गणेशोत्सवांतून मांडलेला महाराष्ट्र तरी निराळा कोठे असतो?

ह्या चित्रपटाचे आकडे आमच्या वरील विवेचनाला थोडे अडचणीचे आहेत, म्हणून ते सांगितलेच पाहिजेत. पहिल्या भागाला (२०१८) घरी १९ कोटी डॉलर मिळाले होते. ह्याला ३८ कोटी, म्हणजे दुप्पट. बाहेरचा आकडाही वाढला, पण दीडपटीच्या आसपासच. म्हणजे ज्या चित्रपटाने एका विशिष्ट मुलाचे, ब्रुकलिनमधल्या कृष्णवर्णी वडिलांच्या आणि पोर्टो रिकन आईच्या घराचे तपशील जिवापाड जपले, त्याला घरच्यांनी भरभरून दिले आणि बाहेरच्यांनीही पाठ फिरवली नाही. बाहेरचा गल्ला वाढवण्यासाठी घरपण पातळ करावेच लागते, असे नाही. पुढचा भाग जाहीर झालेला आहे. त्यात मराठी राहते की गळते, ते पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.

मराठीला स्वतःचे सुपरहिरो नव्हते असे कोणी समजू नये. ते छापील होते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड ह्यांनी एकेका पिढीची झोप उडवली. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या ह्या माणसाने पुढच्या भागाची कला हॉलिवुडच्या कितीतरी आधी आत्मसात केली होती. आणि त्या कथांना सर्किट आडवे आले नाही. पुस्तक टपालाने येते, वाचनालयाच्या कपाटात बसते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी वाचनालयांतून त्या पुस्तकांची पाने विरेपर्यंत वाचली गेली. चित्रपट मात्र पडद्यावाचून येत नाही, आणि पडदा न्यू मार्केटातल्या रंगमहालसारख्या चित्रगृहाचा असो वा मॉलमधला, तो हिंदीचा असतो. भोपाळात मराठी चित्रपट लागतो तो बहुधा एखाद्या पडद्यावर, एखाद्या खेळापुरता. वेळ अशी की नोकरदार माणसाला सुटी घ्यावी लागावी.

पडद्यावर मराठी सुपरहिरो घडवण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे श्रेयस तळपदेंचा 'बाजी' (२०१५). मुखवटा, घोडा, गाव, अन्यायी माणूस अशी सगळी सामग्री होती. पुढचा भाग निघाला नाही. उलट ज्याचा पुढचा भाग निघाला तो कोण? तात्या विंचू! महेश कोठारे ह्यांचा 'झपाटलेला' १९९३ चा. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. तरी २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला, तोही त्रिमितीत, कारण रामदास पाध्यांचा बाहुला होता आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता. नायक बदलला, खलनायक टिकला. 'धडाकेबाज'मधल्या कवट्या महाकाळचे नाव आजही ज्या घरांत मराठी अडखळत बोलली जाते तेथल्या मुलांना ठाऊक असते. मराठी पडद्याला महानायकापेक्षा महाखलनायक अधिक साधला, असे म्हणायला हरकत नाही. नायकाच्या बाबतीत आपण इतिहासाकडे जातो.

आणि तेथेच आपली खरी सुपरहिरो-मालिका आहे. दिग्पाल लांजेकर ह्यांनी 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२), 'शेर शिवराज' (२०२२), 'सुभेदार' (२०२३) आणि 'शिवरायांचा छावा' (२०२४) अशी रांग उभी केली. एक गंमत पाहण्यासारखी आहे. 'फर्जंद'मधला पन्हाळा १६७३ चा, 'फत्तेशिकस्त'मधला लाल महाल १६६३ चा, पावनखिंड १६६० ची आणि अफझलखानाचा वध १६५९ चा. चार भाग निघाले ते काळाच्या उलट्या दिशेने. हॉलिवुडचा पुढचा भाग 'आता पुढे काय' ह्या प्रश्नावर चालतो. येथे पुढे काय झाले ते सर्वांना शाळेपासून पाठ आहे. प्रेक्षक कथा कळण्यासाठी येत नाही, ती पुन्हा ऐकण्यासाठी येतो. हे कीर्तनाचे शास्त्र आहे. आख्यान जुनेच असते, बुवा कसे रंगवतात ते पाहायचे. नारदीय कीर्तनाच्या दुसऱ्या भागाला 'उत्तररंग' म्हणतात. 'सीक्वेल' ह्या शब्दाला मराठी पर्याय शोधणाऱ्यांनी हा विचारात घ्यावा.

गुणदोषांच्या दृष्टीने ह्यांत 'पावनखिंड' आम्हांस सरस वाटतो. पैशाची चणचण लपत नाही, काही दृश्यांत गड संगणकावर काढलेला आहे हे डोळ्यांना बोचते. पण रात्र, पाऊस, चिखल आणि पालखी घेऊन धावणारी माणसे ह्यांत चित्रपट जीव ओततो. अजय पूरकर ह्यांचा बाजीप्रभू हा थकतो. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. महानायक थकतो तेव्हाच तो आपला होतो, हे 'स्पायडरमॅन'च्या दुसऱ्या भागाने दाखवले होते. 'शेर शिवराज'मध्ये नेमके हेच सुटते. तेथे शत्रू इतका ढोबळ रंगवला आहे की त्याच्यावर मात करण्याला बुद्धी लागली असेल असे वाटत नाही, आणि मग नायकही लहान होतो. टाळी घेणाऱ्या वाक्यांचा सोस पुढच्या भागांत वाढत गेला आहे.

बाहेरच्या गल्ल्याचा प्रश्न ह्या मालिकेने सोडवला नाही. तो सोडवला हिंदीने. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' लागला. मूळ कादंबरी शिवाजी सावंतांची, १९७९ ची, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, भाषा हिंदी. देशात सहाशे कोटी रुपयांच्या आसपास निव्वळ, जगभरात आठशे कोटींच्या आसपास एकूण, आणि त्यांत परदेशाचा वाटा शंभर कोटींच्या आत. म्हणजे हॉलिवुडच्या बरोबर उलट: हे सर्वस्वी घरचे यश आहे. फक्त घराचा अर्थ पालटला. तेथे घर म्हणजे हिंदी कळणारा सगळा देश. मध्य प्रदेश शासनाने शिवजयंतीच्या दिवशी तो करमुक्त जाहीर केला आणि भोपाळात त्याचे खेळ सकाळपासून रात्रीपर्यंत चालले. एक वर्ष आधी त्याच संभाजीराजांवर निघालेल्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला असे काही आले नव्हते. आपली मुले मराठ्यांचा इतिहास हिंदीतून पाहून भारावून घरी आली ह्याचा आनंद मानावा, की आईच्या तोंडी 'येसू' ऐकण्याऐवजी संवाद हिंदीतून ऐकले ह्याची खंत करावी, ह्यावर आपल्या घराघरांत दोन मते आहेत. चित्रपटाविषयी बोलायचे तर शेवटच्या छळदृश्यांची लांबी आम्हांस अनावश्यक वाटली. कादंबरीतील संभाजी जेवढा कवी आहे तेवढा पडद्यावरचा नाही.

मात्र हिंदी असो वा मराठी, ही मालिका सह्याद्रीभोवतीच फिरते. तिने नर्मदा ओलांडलेली नाही. ओलांडली ती आशुतोष गोवारीकरांच्या 'पानिपत'ने (२०१९), आणि तो तिकीटबारीवर पडला. पराभवाला पुढचा भाग नसतो. पण उत्तरेकडे पराभवच होते असे नाही. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला गाठून कोंडले ते ह्याच भोपाळात, आणि ७ जानेवारी १७३८ चा तह झाला तो दोराह्याला, आपल्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यात. रसद तोडून, तोफांच्या आड दबलेल्या मोठ्या फौजेला उपासाने वाकवण्याची ती गोष्ट आहे. तीत कड्यावरची चढाई नाही, एका वाराचा निकाल नाही. हिशेब आहे, वाट पाहणे आहे, दाणागोट्याचे राजकारण आहे. तिला पडद्यावर आणायचे तर दिग्दर्शकाला आधी आपल्या मालिकेची चाल बदलावी लागेल, आणि भुसावळच्या वितरकाने सी.आय.चा हिशेब नव्याने मांडावा लागेल.